कपाटाची किल्ली पेणला गेली तेव्हा

पेणला जाऊन आले म्हटलं की आमच्या नगरकडची माणसं दोन प्रश्न विचारतात. गणपतीचे कारखाने पाहिलेत का, आणि पोह्याचे पापड आणलेत का. कारखाने पाहिले, एसटीच्या खिडकीतून. ऐन फेब्रुवारीत रंग न लावलेले पांढरे गणपती अंगणाअंगणांत रांगेने वाळत बसले होते आणि त्यांच्यामधून एक बाई शांतपणे धुणं वाळत घालत होती. पापड मात्र नीताने आणले. मी विसरले. मला ओळखणारी माणसं इथे जरा थबकतील, कारण साळवेबाई काही विसरल्या असं आमच्या गावात सहसा कुणी ऐकलेलं नाही. त्या तीन दिवसांत मी आणखी एक गोष्ट विसरले होते आणि ती पापडांपेक्षा बरीच जड होती. आता सगळं पार पडलं आहे, जीव भांड्यात पडला आहे, म्हणून हसत लिहायला बसले आहे.

आधी माझ्याविषयी. मी निवृत्त मुख्याध्यापिका. राहुरीजवळच्या आमच्या गावात आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी, चाळीसेक घरांची. तिच्या महिला मंडळाची मी अठरा वर्षं अध्यक्ष, आणि मंदिरातल्या लोखंडी कपाटाची तेवढीच वर्षं राखणदार. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीचा, चांदीचा मुलामा दिलेला पेला, ताटली, पांढरं कापड, द्राक्षरसाची बाटली, सगळं त्या कपाटात. कपाट मी माझ्या मिस्टरांच्या मागे मंदिराला दिलं. दारावर पांढऱ्या रंगात लिहिलं आहे, 'कै. भास्कर साळवे यांच्या स्मरणार्थ'. किल्ली एकच, आणि ती माझ्या पर्समध्ये.

आमच्या पाळकांकडे पाच गावं आहेत. आमच्या वाट्याला ते महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात आणि प्रभुभोजन त्याच दिवशी होतं. तो रविवार चुकला की महिना गेला. शिबिराचं पत्र त्यांनीच आणलं. ख्रिस्ती पुढाऱ्यांसाठी तीन दिवस, पेण तालुक्यात, प्रत्येक मंडळीतून दोघं. एक मी. दुसरी नीता गायकवाड, अंगणवाडी सेविका, वय पस्तीस. तिचं नाव ऐकून मी नुसतं 'बरं' म्हटलं. नीता माझी विद्यार्थिनी. दुसरीत तिला सातचा पाढा येत नसे, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात ती अजून दुसरीतच होती. तिला माझ्या जागी तयार करण्यासाठी पाठवताहेत हे मला कळलं होतं आणि ते मला आवडलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी रत्नाबाई पंडितांकडे गेले. वय चौऱ्याऐंशी. नगरच्या दवाखान्यातून त्यांना घरी पाठवलं होतं, आता घरीच ठेवा म्हणून. उशाला टेकून बसवलं तरी त्यांना धाप लागत होती. माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, या रविवारी मला प्रभुभोजन मिळंल ना? पुढच्या महिन्याचं मी काय सांगत न्हाई."

मी म्हटलं, "मिळेल. मी सगळं लावून ठेवून जाते. शमुवेलराव पाळकांना घेऊन येतील."

संध्याकाळी मंदिरात जाऊन पेला चिंचेने घासला, कापडाला इस्त्री केली, द्राक्षरस उकळून गाळून बाटली भरली. सगळं कपाटात रचलं, कुलूप लावलं, सवयीने दोनदा ओढून पाहिलं आणि निघाले.

जिते, शुक्रवार

शिबिराची जागा जिते स्टेशनपासून चालत जाण्यासारखी, आंब्याच्या बागेत. झाडं मोहोरली होती. आमच्याकडे फेब्रुवारीत ओठ फुटतात, इथे हवेला ओल असते. सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी तसाच गार. नीता म्हणाली, "बाई, इथं केस किती मऊ होतात." मी म्हटलं, "केसांसाठी आलो नाही आपण." असं मी बोलते. माझं मलाच नंतर कळतं.

साठेक माणसं होती. पुण्याहून आलेले वक्ते तरुण, गोड बोलणारे, भिंतीवर चित्रं दाखवणारे. प्रत्येक चित्रात बाणच बाण. दुपारी त्यांनी सगळ्यांना एक कागद वाटला. पहिला प्रश्न, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? मी लिहिलं, 'गावीच.' दुसरा प्रश्न, तुमच्यानंतर तुमचं काम कोण करील? त्यापुढे रेघ होती. शेजारी नीता तिच्या कागदावर भराभर लिहीत होती. मी चष्मा पुसला, पाण्याचा घोट घेतला, पेनचं टोपण उघडलं आणि लावलं. कागद गोळा करायला आले तेव्हा घडी घालून पर्समध्ये टाकला. मुख्याध्यापिका असताना कोरा पेपर देणाऱ्या मुलांना मी काय काय बोलत असे ते आठवलं.

दिवस मावळताना बागेच्या कडेला पोपटी लावली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीच्या मडक्यात भांबुर्डा नावाच्या रानपाल्याचा थर द्यायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि जाडं मीठ. तोंड पाल्यानेच घट्ट बंद करायचं. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पालापाचोळा, काटक्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. स्वयंपाकाची जबाबदारी हिराबाई म्हणून एका बाईंकडे होती, जवळच्याच गावच्या, हातात पाच-पाच हिरव्या बांगड्या. आग पेटवून त्या चक्क खुर्चीत बसल्या.

मला ते बघवेना. अन्न शिजतंय आणि कुणी ढवळत नाही, झाकण उघडून पाहत नाही. मी एक काठी घेतली आणि मडकं जरासं हलवून पाहायला गेले.

"आज्ये, हात नको लावू गो," हिराबाई खुर्चीतूनच म्हणाल्या.

"करपलं तर?"

"नाय करपत."

"पण कळणार कसं, शिजलं की नाही?"

"कळतं. तू बस. तुझं जेवान पलत नाय."

काही वेळाने त्यांनी उठून मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. चर्रर्र आवाज आला. "झाला," म्हणाल्या. मडकं सरळ करून पाला काढला तर असा वास सुटला की पुण्याचे वक्तेसुद्धा बाण विसरून पत्रावळ घेऊन पुढे आले. आमच्याकडची हुरड्याची पार्टी मला प्रिय आहे, पण त्या वालाच्या शेंगा दातांनी ओढून खाताना मी हुरड्याशी थोडी बेइमानी केली. नीताने तीनदा घेतलं. मी तिला काही बोलले नाही, कारण मी चारदा घेतलं होतं.

पेणची खाडी, शनिवार

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर आम्हाला खाडीकडची मिठागरं दाखवायला नेलं. ख्रिस्ती माणसांना मिठागरावर नेलं की पुढे काय होणार हे आमच्यातलं लहान मूलही सांगेल. येशूचं मिठाचं वचन येणार, 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा'. आलंच. बांधावर उभं राहून वक्त्यांनी वीस मिनिटं मिठावर सांगितलं. खाली गुडघाभर पाण्यात दोन बाया लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढत होत्या, त्या काम थांबवून ऐकत राहिल्या. शेवटी त्यांतली एक म्हणाली, "व्हय, पन साहेब, मीठ मीठ करताव, पायांना लावायला काय आनलाव का? पाय फुटलंत आमचं." वक्ते गोंधळले. आमच्यातल्या एका बाईने पर्समधून व्हॅसलिनची डबी काढून तिला दिली, आणि मला वाटतं त्या दिवसाचं खरं प्रवचन तेवढंच होतं.

परत फिरताना मी घसरले. बांध ओला, माझ्या चपला नव्या. उजवा पाय सरळ चिखलात, पोटरीपर्यंत. त्या बाया खळखळून हसल्या. "चपला काढ गो आज्ये, चपलांनीच घसरतंय." नीताने मला वर ओढलं. पाय पुसायला रुमाल काढावा म्हणून मी पर्समध्ये हात घातला आणि हाताला किल्ल्यांचा जुडगा लागला.

आधी काही वाटलं नाही. तो जुडगा रोजच हाताला लागतो. मग चिखलात एक पाय, बांधावर एक पाय अशी मी तशीच उभी राहिले. घराची किल्ली, ट्रंकेची किल्ली, आणि मंदिरातल्या कपाटाची पितळी किल्ली. पेला कपाटात, कापड कपाटात, रस कपाटात, कपाट राहुरीजवळ आणि किल्ली पेणच्या खाडीवर. उद्या पहिला रविवार. किल्ली शमुवेलरावांना द्यायची हे मी दोन दिवस घोकत होते, आणि कुलूप ओढून पाहिल्यावर हाताने ती आपोआप पर्समध्ये टाकली होती.

"बाई, लागलं का?" नीताने विचारलं. मी जुडगा तिच्यापुढे धरला. तिला लगेच समजलं.

खाडीवर फोनला रेंज नव्हती. जित्याला परत येऊन बागेच्या फाटकाशी उभं राहिल्यावर एकदाचा लागला. शमुवेलराव आमचे पंच, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, मोठ्या आवाजाचे.

"बाई, मी तुमच्या घरी दोन चकरा मारल्या किल्लीसाठी. शेजारी म्हणाले कुलूप आहे."

"माझ्याकडे राहिली."

"तुमच्याकडे म्हणजे पेणला?"

"हो."

  मग शमुवेलराव म्हणाले, "दार उचकटू का? पहार आहे माझ्याकडे."

"कपाटाला हात लावू नका," मी म्हटलं. ते इतक्या पटकन तोंडातून गेलं की मी स्वतःच दचकले. दारावर भास्करचं नाव आहे हे मी बोलले नाही.

"मग बघू काहीतरी. रत्नाबाईंना आज बरं नाही, सकाळपासून..." आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

नीता शेजारीच उभी होती. म्हणाली, "बाई, आत्ता पाच वाजलेत. पेणहून पुण्याची गाडी मिळेल. द्या किल्ली, मी जाते. सकाळी पोचते."

"रात्रीची एकटी?"

"एकटी कुठं? भाऊ पुण्याला स्टँडवर येईल, त्याच्याबरोबर पुढं जाईन. आत्ताच बोलले त्याच्याशी."

 गाडी होती, भाऊ होता, वेळ होता. मी म्हटलं, "नको. मी बघते काय ते." आणि काहीही बघितलं नाही. जुडगा परत पर्समध्ये टाकून चहाला गेले.

इथे मी खोटं लिहू शकते, की मला तिची काळजी वाटली. पण हे वर्णन वाचणाऱ्यांत नीताही असेल. मला तिची काळजी वाटली नाही. किल्ली तिच्या हातात द्यायची नव्हती, एवढंच. एकदा दिली की परत मागता येणार नाही असं वाटलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची शेवटची इच्छा एका बाजूला आणि माझी पितळी किल्ली दुसऱ्या बाजूला, आणि मी किल्ली निवडली. चहा गोड होता की फिका ते मला आठवत नाही. 

रोहा, रविवार

रविवारी शिबिरातल्या माणसांना आसपासच्या लहान लहान मंडळ्यांत पाठवलं. आम्हा दोघींच्या वाट्याला रोहा आलं. जित्याहून गाडीत बसलो. डब्यात गर्दी नव्हती. एक कोळीण रिकाम्या टोपल्यांना टेकून झोपली होती. मी दर पाच मिनिटांनी शमुवेलरावांना फोन लावत होते. बंद. उपासनेच्या वेळी फोन बंद ठेवायचे हा नियम मंदिराच्या दारावर मीच चिकटवला आहे. साडेदहाला कासू गेलं. आमच्याकडे आता पहिलं गीत सुरू झालं असेल, असं मनात आलं. खिडकीतून भाताची कापलेली शेतं, मधूनच वालाचे हिरवे तुकडे आणि लांबवर डोंगर दिसत होते. सुंदर होतं बहुतेक. मी पेला, ताटली, कापड एवढंच पाहत होते.

रोह्याला योहानभाऊ वाघमारे घ्यायला आले. मूळचे जालन्याकडचे, धाटावच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर, रोह्यात पंचवीस वर्षं. बायको सुशीला इथलीच, त्यामुळे भाऊंच्या बोलण्यातही 'नाय' आणि 'हाय' मुरलेलं. घरी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुका जवळा. आमच्या बाजरीच्या भाकरीला चावावं लागतं, ही भाकरी घडी घातलेल्या रुमालासारखी मऊ. एरवी मी पाककृती लिहून घेतली असती. त्या दिवशी दोन घास खाल्ले आणि फोनकडे पाहिलं.

सुशीलावहिनी म्हणाल्या, "काय झाला ताई? जेवत का नाय?"

नीताने माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं सगळं, रत्नाबाईंपासून चिखलापर्यंत. नीता निघाली होती आणि मी किल्ली दिली नाही, हेही सांगितलं. ते सांगताना नीता ताटातल्या भाताशी चाळा करत बसली. भाऊ ऐकून घेऊन नुसते 'हं' म्हणाले. मला वाटलं आता एखादं वचन ऐकवतील. ते म्हणाले, "चला, मंदिर उघडू."

उपासना चार वाजता होती. रविवारी दुपारी चार ही काय वेळ, असं मला वाटलं, पण तिथे कंपनीचं घड्याळ चालतं. पहिली शिफ्ट तीनला सुटते, मग बसने आणि दुचाक्यांवरून माणसं येतात, काहीजण गणवेशातच. मंदिर म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. दारापाशी भाऊंनी चौकटीजवळच्या खिळ्यावरून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. किल्ली उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी टांगलेली.

"बाहेरच ठेवता?" मी विचारलं. "चोरी झाली तर?"

"काय नेतील? ढोलकी?" भाऊ म्हणाले. "पंधरा जणांना किल्ली ठाऊक हाय. कोन कधी येईल काय सांगता येत नाय. माझी शिफ्ट असली की दुसरा उघडतो."

आत भिंतीला सुतळीने एक वही बांधली होती. मी शिक्षिका, वही दिसली की उघडतेच. पानोपानी वेगवेगळी अक्षरं. मागच्या आठवड्यात कुणी उपासना चालवली, कुठली गीतं झाली, कोण आजारी आहे, कुणाच्या घरी जायला हवं, ढोलकीचं कातडं सैल झालंय, भाकर संपत आलीय. खाली सही, आणि 'चार्ज दिला'. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'चार्ज घेतला'.

"हे कंपनीतलं," भाऊ म्हणाले. "बॉयलर एक मिनिट एकटा नाय सोडायचा. पुढचा मानूस, म्हंजे रिलिव्हर, आला नाय तर घरी जायचं नाय, डबल शिफ्ट करायची. पन तो आला, त्याला सगळं सांगितलं, वहीत लिहिलं, सही झाली, की निघायचं. मग थांबायचं पन नाय."

"थांबलं तर काय बिघडतं?"

ते हसले. "मी थांबायचो ना. नवीन होतो तेव्हा. चार्ज देऊन गेटवर उभा राहायचो. घरी जाऊन फोन करायचो, प्रेशर बघितलास का, पानी बघितलंस का. आमचे सुपरवायझर होते, त्यांनी एक दिवस बोलावलं. म्हनाले, वाघमारे, तू घरी जाऊन झोपत नायस. उद्या झोपेत कामावर येशील. मला भीती त्या नव्या पोराची नाय, तुझी वाटते."

मी वहीत पाहत राहिले. अठरा वर्षांची माझी वही माझ्या डोक्यात होती. रत्नाबाईंना भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून द्यावा लागतो, पेल्याचा तळ किंचित हलतो, कापडाची कोणती बाजू वर, हे मला सोडून एकालाही ठाऊक नव्हतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. अठरा वर्षं मी चार्जवर होते आणि रिलिव्हर समोर उभा होता, काल संध्याकाळी पाच वाजता, हात पुढे करून.

उपासना एका तरुण मुलीने चालवली. दोनदा अडखळली. गीत चुकीच्या पट्टीत घेतलं, हसून पुन्हा घेतलं. कुणी तिला टोकलं नाही. मी टोकायला तोंड उघडलं आणि मिटलं.

शेवटची प्रार्थना झाली आणि माझा फोन थरथरला. शमुवेलराव. मी चपला न घालताच बाहेर आले.

"झालं बाई," ते म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, रोह्याच्या गल्लीत ऐकू जाईल असं. "सगळं झालं. फोन चालू करायचा आत्ता आठवला. पाळक म्हणाले, पेला नाही तर नाही. आमच्या हिने स्टँडवरून काळी द्राक्षं आणून रस काढला. मंदिरात माझ्या घरचा पितळी पेला घेतला. रत्नाबाईंकडे गेलो तर पेला मागंच विसरलो. मग त्यांच्याच फळीवरचा स्टीलचा गिलास घेतला. त्यावर नाव कोरलंय, 'बाबूराव शिंपी यांजकडून सप्रेम भेट'. पाळक जरा थांबले, मग तेही हसले."

"आणि रत्नाबाई?"

"आता झोपल्यात. दुपारी पेज मागितली."

मी त्या पत्र्याच्या भिंतीला टेकले आणि रडले. मोठ्याने नव्हे, पण लपवूनही नव्हे. सुशीलावहिनींनी पाणी आणून दिलं. छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात ते असंच असणार. मला आधी फक्त भूक लागली. उरलेली भाकरी आणि बिरडं मी संध्याकाळी साडेपाच वाजता मागून खाल्लं.

परतीचा रस्ता आणि घर

सोमवारी पेणहून निघताना नीताने पापड घेतले. खोपोलीचा घाट चढताना मी पर्समधून जुडगा काढला, कपाटाची किल्ली सोडवली आणि तिच्या हातावर ठेवली.

"बाई, राहू द्या. मंगळवारी मंडळाच्या बैठकीत द्या."

"वही काढ," मी म्हटलं. "लिहून घे."

पुणे येईपर्यंत मी सांगत होते आणि ती लिहीत होती. चौदा पानं झाली. मध्ये एकदा तिने विचारलं, "बाई, पेल्याचा तळ हलतो तर झाळून का नाही घेतला?" अठरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. शेवटी मी सही केली. तिने खाली सही केली, आणि जरा लाजून 'चार्ज घेतला' असं लिहिलं. पर्समध्ये शिबिरातला तो घडी घातलेला कागद होता. त्याची रेघही मी गाडीतच भरली. अक्षर धक्क्यांमुळे वाकडं आलं.

स्टँडवरून घरी न जाता मी रत्नाबाईंकडे गेले. त्या उशाला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुकलेला, डोळे मात्र जागे. मी खाली बसून त्यांचे पाय धरले.

"रत्नाबाई, मला माफ करा. किल्ली माझ्याकडे राहिली. तुम्हाला कुणाच्या तरी गिलासातून घ्यावं लागलं."

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "शमुवेल सांगत व्हता. म्या म्हणलं, बरं झालं."

"बरं कसं?"

त्यांनी दम घेतला. "आता राग येऊ देऊ नको, बाई. तू दर महिन्याला तो चांदीचा पेला आणतीस. माझ्या हाताशी धरतीस आन म्हणतीस, सांभाळून रत्नाबाई, सांभाळून. माझं हात थरथरत्यात. सांडंल का, पडंल का, निम्मा जीव त्या पेल्यात. देवाकडं ध्यान जायचंच न्हाई. काल तो शिंप्याचा गिलास व्हता. पडला तरी काय व्हनार व्हतं? लई वरसांनी डोळं मिटून घेतलं म्या."

  त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. थरथरतच होता तो.

हे लिहिते आहे तोवर पुढचा महिना आला आणि गेला. ज्याचं त्या काही सांगत नव्हत्या तो महिना. रत्नाबाई आहेत. पहिल्या रविवारी नीताने कपाट उघडलं; किल्ली आता दारामागच्या खिळ्यावर असते. कापडाची उलटी बाजू वर आली होती, मला दिसली. मी तिसऱ्या बाकावर बसले, जिथे अठरा वर्षांत कधी बसले नव्हते, कारण मी नेहमी पुढे उभी, पेल्यावर नजर ठेवून. गीत सुरू झालं. मी डोळे मिटले. बराच वेळ नुसता काळोख होता आणि लोकांचा आवाज. मग कुणीतरी हळूच खांद्याला स्पर्श केला. पेला माझ्यापर्यंत आला होता आणि मला कळलंही नव्हतं.